बोट लागते? मग खोली मधली घ्या

माझ्या दवाखान्यात नेहमी येणाऱ्या एक बाई मध्यंतरी मुंबई-गोवा क्रूझ करून आल्या. मुलाने हौसेने आईवडिलांना पाठविले होते. खोली कोणती, तर सर्वांत वरच्या मजल्यावर, जहाजाच्या अगदी पुढच्या टोकाला, बाल्कनीसह. भरपूर पैसे मोजलेले. बाईंनी समुद्र पाहिला तो बेसिनवर ओणवे होता होता! त्यातून मधुमेह. पोटात अन्न ठरत नव्हते, तरी सकाळची साखरेची गोळी मात्र नेमाने घेतली. दुपारी दरदरून घाम, हातपाय थरथरू लागले. जहाजावरच्या डॉक्टरांनी तातडीने ग्लुकोज दिले म्हणून निभावले.

आगगाडीत आईवडिलांसाठी आपण खालचा बर्थ मिळावा म्हणून धडपडतो. जहाजाच्या बाबतीत मात्र फोटोतली बाल्कनी पाहून खोली ठरवितो. एजंटही जेवण शाकाहारी की जैन हे विचारतो, पण बोट लागते का, गुडघे दुखतात का, हे विचारीत नाही. माझ्या मते पहिला प्रश्न तोच हवा.

वाऱ्यात माडाचा शेंडा डुलतो, बुंधा जागचा हलत नाही. जहाजाचेही तसेच. वरचे मजले जास्त झुलतात. लाटेवर पुढचे आणि मागचे टोक सी-सॉसारखे वरखाली होते. मध्यभाग त्यामानाने स्थिर राहतो. म्हणून ज्यांना एस.टी.तसुद्धा गाडी लागते, त्यांनी खालच्या मजल्यावरची, जहाजाच्या मध्यावरची खोली मागावी. बहुतेक वेळा ती बाल्कनीवाल्या खोलीपेक्षा स्वस्तही पडते.

खिडकी असावी की नसावी? माझे मत, असावी. कानाच्या आतील तोल सांभाळणारे इंद्रिय सांगते, आपण हलतो आहोत. डोळ्यांना समोरची भिंत स्थिर दिसते. या विसंगतीतून मळमळ सुरू होते. क्षितिजाकडे पाहत राहिले की ती कमी होते. शिवाय बिनखिडकीच्या खोलीत दिवस-रात्र कळत नाही. वयस्कर माणूस रात्री उठला तर गोंधळतो. न्हाणीघराच्या दाराला बहुधा उंच उंबरा असतो. अंधारात त्याला ठेच लागून खुब्याचे हाड मोडले, तर सहलीचे काय होणार? एक दिवा रात्रभर चालू ठेवावा. गुडघे दुखणाऱ्यांनी लिफ्ट जवळ आहे ना, हे पाहावे. येणाऱ्याजाणाऱ्यांचा थोडा आवाज सोसावा लागेल, इतकेच.

उलटीची गोळी बोट सुटण्यापूर्वी तास-दोन तास आधी घ्यावी. उलट्या सुरू झाल्यावर ती पोटात राहत नाही. या गोळ्यांनी झोप येते, तोल जातो. काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. मधुमेहींनी उलट्या होत असताना काय करायचे, हे निघण्यापूर्वीच विचारून कागदावर लिहून घ्यावे. गोळी वा इन्शुलिन आपल्या मनाने घेऊही नये आणि बंदही करू नये. आलेपाक जवळ ठेवायला माझी हरकत नाही, अर्थात मधुमेह नसेल तर!

आणखी एक. काही स्वस्त तिकिटांत खोली कोणती मिळणार हे कंपनी मागाहून ठरविते. प्रकृती नाजूक असेल तर असे तिकीट घेऊ नये.

बाई आता पुन्हा जायचे म्हणतात. परवा जहाजाचा नकाशा घेऊन आल्या होत्या. तिसऱ्या मजल्यावरच्या मधल्या खोलीवर त्यांनी स्वतःच पेन्सिलीने खूण केली होती. मी फक्त गोळ्यांची चिठ्ठी लिहून दिली.