दाट तिथीला माणूस कळतो

मैत्रिणींनो, लग्नकार्याची कामं अंगावर घेणाऱ्या बायका आता गावोगावी दिसायला लागल्या आहेत. कुणी रुखवत मांडून देते, कुणी नवरीला नऊवारी नेसवून, खोपा घालून तयार करते, आणि हाताला यश आलं की एखादी धीर करून अख्खं कार्यच उचलते. मांडव, जेवण, फुलं, फोटो, गुरुजी, सगळं एका छपराखाली! आमच्या धाकट्या जाऊने हे धाडस केलं त्याला चार वर्षं झाली. शाळेतून आल्यावर तिचे हिशेब मी लिहिते, म्हणून तिचं सुखदुःख मला आकड्यांसकट ठाऊक आहे. तिचं एकच रडगाणं असतं, “वहिनी, कामाला तोटा नाही हो, भरवशाची माणसं मिळत नाहीत.”

आता माणसं लबाडच असतात, असं म्हणून आपण मोकळ्या होतो. पण जरा कालनिर्णय उघडून बघा. चातुर्मासात लग्नं जवळजवळ बंद. कार्तिकात तुळशीचं लग्न लागलं की मुहूर्त सुरू होतात, आणि मग एखादी दाट तिथी अशी येते की गावातलं एकही कार्यालय रिकामं नसतं. चार महिने हात बांधून बसलेला आचारी त्या दिवशी तीन ठिकाणचा विसार घेतो. एका ठिकाणी स्वतः उभा राहतो, उरलेल्या दोन ठिकाणी भाच्या-पुतण्यांना धाडतो. फुलवाल्याचं तेच, फोटोवाल्याचं तेच. यात त्याची लबाडी थोडी आणि पोटाची काळजी जास्त, असं माझं मत आहे. पण भोगावं लागतं आपल्याला.

मागच्या वैशाखात जावेच्या एका कामात हेच झालं. अडीचशे पानांचं जेवण होतं. चव दाखवायला आला होता तो आचारी वेगळा आणि लग्नाला उगवला तो वेगळाच. मसालेभात खाली लागला, दुसऱ्या पंगतीला जिलबी पुरली नाही. नवरीच्या आईने आचाऱ्याला एका शब्दाने विचारलं नाही, सगळ्या पाहुण्यांसमोर जावेलाच धरलं. तिचं तरी काय चुकलं? पैसे तिने जावेच्या हातात मोजले होते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यातही पैसे घेऊन दिलेली सेवा येते, तेव्हा तक्रार झालीच तर ती आधी आपल्या दारात येणार.

म्हणून आता ती माणूस पारखते तो दाट तिथीलाच. नवा आचारी लावायचा म्हटलं की, त्याचं दुसरीकडे काम असेल त्या दिवशी सकाळी आठाला तिथल्या भटारखान्यात डोकावून येते. तो स्वतः चुलीपाशी आहे का? पाण्याची पिंपं झाकलेली आहेत का? मदतनिसांशी कसा बोलतो? मग त्याला सरळ विचारते, “त्या दिवशी आणखी कुठलं काम घेतलंय? तुम्ही स्वतः किती वाजेपर्यंत थांबणार?” जो म्हणतो, “ताई, दोननंतर माझा भाऊ असेल, त्याला आत्ताच भेटा,” तो चालेल. “ताई, तुम्ही काळजीच करू नका,” म्हणणाऱ्याची मात्र जरूर काळजी करावी!

दुसरी परीक्षा यादीची. दोन आचाऱ्यांना एकच बेत सांगून सामानाची यादी मागवा. समजा, दोनशे माणसं आणि माणशी शंभर ग्रॅम श्रीखंड धरलं, तर वीस किलो झालं. चक्क्याइतकीच साखर धरली तर दहा किलो चक्का आणि दहा किलो साखर. थोडं जास्त धरणं समजू शकतं, पण कुणी सोळा किलो चक्का लिहून दिला तर वरचा कुठे जाणार, ते विचारायला संकोच कसला? तेलाचंही तसंच पाहावं. आणि कोठीची किल्ली आपल्याच कमरेला हवी. उरलेलं सामान रात्री मोजून घेतलं की पुढच्या यादीत आपोआप फरक पडतो.

वाढप्यांमध्ये मिसरूड न फुटलेली पोरं आणली तर परत पाठवा. चौदा वर्षांखालच्या मुलाला धंद्यात मजुरीला ठेवायला २०१६ च्या दुरुस्तीनंतर कायद्याने बंदी आहे. आणि कायदा राहू द्या, उकळत्या आमटीचं पातेलं त्या हातांनी उचलायचं का?

नवरीच्या खोलीचं काम सगळ्यात नाजूक. दागिने काढलेले-घातलेले असतात, मावश्या-आत्यांची ये-जा असते. एखादी वाटी हरवली तर संशय पहिला जातो तो मेकअप करणाऱ्या मुलीवर, मग ती कितीही सरळ असो. जावेने नियमच केला आहे, दागिन्यांच्या डब्याला आपल्या माणसाने हात लावायचा नाही, घरच्या एका बाईने तिथे बसायचंच. यात त्या मुलीचीही अब्रू राहते.

फोटोवाल्याशी मात्र कागदावर ठरवा. फोटो कधी देणार, त्याची एक प्रत वेगळी ठेवणार का, आणि नवरीचे फोटो स्वतःच्या जाहिरातीला वापरणार का. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे, वेगळं ठरलेलं नसेल तर, पैसे देऊन काढवून घेतलेल्या फोटोंचा पहिला हक्क काढवून घेणाऱ्याचा असतो. आपल्या मुलीचा फोटो परस्पर मोबाइलवर गावभर फिरलेला कुठल्या आईला आवडेल?

नात्यातला माणूस शक्यतो नको, हे माझं जावेशी न पटणारं मत. मामेसासऱ्यांच्या मुलाला उशीर झाला म्हणून रागवायचं कसं? तिला वाटतं, परक्यापेक्षा बरा. आमचा हा वाद अजून चालूच आहे.

बरं, चांगला माणूस सापडला की टिकवायचा कसा? पैसे त्याच रात्री, मोजून. “पार्टीने दिले की देते,” हे त्याला ऐकवायचं नाही. त्याच्या माणसांना पंगत बसायच्या आधी पोटभर खायला घालायचं. आणि पावसाळ्यात त्याला विसरायचं नाही. मंगळागौर, डोहाळजेवण, बारसं, साठीशांत अशी लहानसहान कामं त्या चार महिन्यांतही निघतातच. गेल्या श्रावणात जावेने आपल्या आचाऱ्याला चाळीस बायकांच्या मंगळागौरीला बोलावलं. काम छोटं, मजुरीही बेताचीच. पुढे मार्गशीर्षात एका दाट तिथीला त्याला दुसरीकडून जास्त पैशांचं बोलावणं आलं, तेव्हा त्याने जावेला फोन केला, “ताई, तुमचं त्या दिवशी काही आहे का? असेल तर मी त्यांना नाही सांगतो.”