ऊसतोडीच्या गाडीवरचा शिधा

अन्न टिकवण्याचा इतिहास बहुधा जहाजावरून सांगितला जातो. अठराव्या शतकात ब्रिटिश आरमारातील खलाशाला रोज एक पौंड कडक बिस्किट मिळे. ओलावा जाईपर्यंत भाजलेले असल्याने ते महिनोन्महिने टिके. फ्रान्समध्ये निकोला आपेर याने बंद बाटलीत अन्न उकळून टिकवण्याची रीत काढली, तेव्हा १८१० साली सरकारने त्याला १२,००० फ्रँक दिले. आरमाराला आणि सैन्याला गरज होती, म्हणून खर्च राज्यसंस्थेने केला आणि त्याच्या नोंदीही राहिल्या.

समुद्र नसलेल्या बीड जिल्ह्यातून दरवर्षी निघणारा असाच एक लांबचा प्रवास मात्र या इतिहासात येत नाही. दसरा-दिवाळीच्या सुमारास पाटोदा, शिरूर कासार, धारूर, वडवणी या भागांतून ऊसतोड कामगार पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात. सहकारी साखर कारखाने वाढले, १९७२ चा दुष्काळ पडला आणि ही वाट रुळली. पुढचे पाच-सहा महिने मुक्काम पाचटाच्या कोपीत. मुकादमाची उचल आधीच खर्ची पडलेली, त्यामुळे शक्य तितका शिधा घरूनच न्यायचा.

या शिध्याचा नियम जहाजावरचाच आहे: पाण्याचा अंश कमी ठेवायचा. बाजरी दाण्यांच्या रूपातच नेतात, कारण तिच्यातील स्निग्धांशामुळे दळलेले पीठ थोड्याच दिवसांत कडवट होते. सोबत हुलगे, डाळ, सांडगे, सुकट, शेंगदाण्याची चटणी. मिठात वाटलेला ठेचा. गरम भाकरी डब्यात कोंडली तर वाफ धरून चिकट होते, म्हणून ती फडक्यात बांधायची. उरलेली तव्यावर कडक करून ठेवायची आणि कालवणात कुस्करायची.

याला 'पारंपरिक शहाणपण' म्हणून गौरवण्याची हल्ली पद्धत आहे. ती अपुरी आहे. टिकणारे अन्न पोषक असतेच असे नाही, हे खलाशांनी स्कर्व्हीने मरून सिद्ध केले; जेम्स लिंडने १७४७ साली संत्री-लिंबांचा गुण दाखवला, तरी लिंबाचा रस आरमारात नेमाने मिळण्यास १७९५ उजाडले. कोपीत ती उणीव बांधावरची घोळ किंवा तांदुळजा भरून काढते, तीही मिळाली तर. शिवाय नवरा-बायको मिळून 'एक कोयता' मोजला जातो. पहाटे अंधारात उठून दोन वेळच्या भाकऱ्या थापणे आणि मग दिवसभर फडात मोळ्या वाहणे, यांतील पहिल्या कामाला मजुरीच्या हिशोबात जागाच नाही.

कारखान्यांच्या अहवालांत गाळप आणि उतारा दशांशापर्यंत छापतात. त्यांच्याकडे मागणे फार मोठे नाही: कोप्यांच्या तळावर रेशनचे धान्य, पिठाची गिरणी, पिण्याचे स्वच्छ पाणी आणि हंगामभर थोडी ताजी भाजी. सहकारी चळवळीच्या नावाने चालणाऱ्या उद्योगाने हा खर्च आपल्या वहीत घ्यायला हवा. आज तो बीडमधल्या बायकांच्या अंगावर पडतो.