किनाऱ्यावर उतरणारांची पिशवी

वाटेवर उपयोगी पडणाऱ्या शिदोरीस संस्कृतांत 'पाथेय' असा सुटसुटीत शब्द आहे. पथिन् म्हणजे वाट. वाटेवर जें कामास येतें तें पाथेय. शब्द लहान, पण त्यांत मोठा विवेक आहे. कारण घरांत जें जें कामास येतें तें सर्व कांहीं पाथेय नव्हे. हा विवेक सुटला म्हणजे प्रवासी मनुष्य हमाल होतो, आणि प्रवास म्हणजे ओझ्याची वाहतूक होऊन बसते.

या विषयाकडे वळण्यास निमित्त झालें तें एका वाचक भगिनींच्या पत्राचें. त्यांच्या घरचीं नऊ माणसें, म्हणजे सासूसासरे, दोन मुलगे, दोन सुना आणि तीन नातवंडें, येत्या उन्हाळ्यांत भूमध्य समुद्रांत पर्यटनाच्या जहाजानें आठ दिवसांच्या सफरीस जाणार आहेत. अशा सफरीस हल्लीं सर्रास 'क्रूझ' म्हणतात. मोठें सामान जहाजावरील खोलींत राहील हें त्यांना ठाऊक आहे. पण बंदरोबंदरीं उतरून गांव पाहावयास जातांना बरोबर कोणती पिशवी घ्यावी, एक मोठी कीं अनेक लहान, असें त्यांनीं विचारलें आहे. प्रश्न साधा दिसतो. परंतु एकत्र कुटुंबांत तो तितका साधा राहत नाहीं, हें पुढें दिसून येईल.

प्रथम जहाजाची रीत ध्यानांत घ्यावी. बंदरावर पोंचतांच मोठ्या बॅगांना चिठ्ठ्या बांधून त्या जहाजाच्या माणसांच्या स्वाधीन कराव्या लागतात, आणि त्या खोलीच्या दारांत येऊन पडण्यास कित्येकदां संध्याकाळ होते. म्हणून पहिल्या दिवसाचीं औषधें, पारपत्रें, तिकिटें, चष्मा आणि कपड्यांचा एक जोड हें सामान हातांतच असावें. शेवटच्या रात्रीं मोठ्या बॅगा पुन्हां खोलीबाहेर ठेवावयाच्या असतात. त्यांत सकाळीं नेसावयाचें लुगडेंच बंद होऊन गेलें असें होऊं देऊं नये. खोली बहुधा दीडशें ते दोनशें चौरस फुटांची असते, व रिकाम्या बॅगा पलंगाखालीं सारतां येतात. तेव्हां मोठ्या बॅगेविषयीं फार काथ्याकूट नको. ती पलंगाखालीं जाईल एवढें पाहिलें म्हणजे झालें. खरा विचार करावयाचा तो किनाऱ्यावर न्यावयाच्या पिशवीचा. सकाळीं जहाजाचा जिना उतरलांत कीं सायंकाळपर्यंत तुमचें घर म्हणजे ती पिशवीच.

या पिशवीचें माप दुकानांत ठरवूं नये. ज्या दारांतून ती आंत जावयाची त्या दारावरून ठरवावें. रोमला जाणारीं जहाजें चिविताव्हेक्किया या बंदरास लागतात. तेथून रोम सुमारें सत्तर-ऐंशी किलोमीटर दूर. म्हणजे विसरलेली वस्तु आणावयास परत जातां येत नाहीं, आणि नकोशी झालेली ठेवावयासही जातां येत नाहीं. रोमला पोंचल्यावर व्हॅटिकनच्या संग्रहालयांत ४० × ३५ × १५ सेंटिमीटरांहून मोठी पिशवी आंत नेऊं देत नाहींत. ती सामानघरांत ठेवावी लागते. नेपल्स बंदराहून पॉम्पेई पाहावयास जातात. इ. स. ७९ मध्यें व्हेसुव्हिअसच्या राखेखालीं गडप झालेलें हें नगर. तेथील नियम याहूनही कडक. ३० × ३० × १५ सेंटिमीटरांहून मोठें सामान घेऊन तेथें आंत जातां येत नाहीं. ज्यांना दोन्ही ठिकाणें पाहावयाचीं आहेत त्यांनीं पॉम्पेईचेंच माप धरावें. व्हॅटिकनच्या दाराची चिंता मग आपोआप मिटते. घरांतल्या फूटपट्टीनें मोजावयाचें तर लांबीरुंदी फुटाहून किंचित् कमी आणि जाडी सहा इंचांच्या आंत.

मापानंतर वजन. सांतोरिनी या ग्रीक बेटापाशीं मोठें जहाज धक्क्याला लागत नाहीं. तें खोल पाण्यांत उभें राहतें, आणि उतारूंना लहान होड्यांनीं किनाऱ्यास नेतात. आपल्या कोंकणांतही पूर्वीं कित्येक बंदरांत आगबोट अशीच दूर उभी राही, आणि उतारू ट्रंका-वळकट्यांसह पडावांत उतरत. ती वाहतूक बंद होऊन आतां पुष्कळ वर्षें लोटलीं. पण ज्यांनीं ती अनुभवली आहे त्यांना, हलत्या होडींत पाऊल टाकतांना दोन्ही हात मोकळे असण्याचें मोल सांगावयास नको. सांतोरिनीस होडींतून उतरल्यावर फिरा हें गांव सुमारें दोनशें वीस मीटर उंच कड्यावर आहे. वर जाण्यास तारेवरून चालणारा पाळणा आहे, खेंचरें आहेत, नाहींतर पायऱ्या आहेत. पायऱ्या पावणेसहाशेंहून अधिक भरतात. पुण्याच्या पर्वतीच्या पायऱ्या शंभराच्या आसपास. अशा पांच पर्वत्या एकीवर एक ठेवल्या तरी ही चढण उरतेच. पाळण्याची रांग लांबली तर वडील मंडळींनाही भर उन्हांत तासभर तिष्ठावें लागतें, आणि त्या वेळीं खांद्यावरचा प्रत्येक शेर मणाचा होतो.

म्हणून पिशवी रिकामी असतांना अर्ध्या किलोच्या आसपास असावी, आणि भरल्यावर वडील माणसाची अडीच किलोंवर जाऊं देऊं नये. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, हें शाळेंतलें गणित येथें उपयोगी पडतें. रोम शहरांत पिण्याच्या पाण्याचे सतत वाहणारे नळ ठिकठिकाणीं आहेत. त्यांची संख्या सुमारें अडीच हजार आहे. तेथें लहानशी बाटली घेऊन वाटेंत ती भरून घेत जावें. जाड चामड्याची पिशवी दिसावयास भारदस्त; पण ती आपलेंच वजन तुमच्याकडून वाहवून घेते.

आतां घडण. चाकांची बॅग या कामीं टाकाऊ, कारण जुन्या नगरांतील दगडी फरसबंदीवर आणि पायऱ्यांवर चाकें चालत नाहींत. उघड्या तोंडाची शबनम सुरेख खरी; पण होडींत वांकतांच तिच्यांतला चष्मा समुद्रार्पण होण्याचा संभव. पाठीवरची पिशवी दोन्ही खांद्यांवर भार वांटते, परंतु गर्दींत आपली पाठ आपणांस दिसत नाहीं, आणि खिसेकापूंना ती चांगली दिसते. आपले वाडवडील खांद्यावर पडशी टाकीत. पुढें निम्मा भार आणि मागें निम्मा, अशी ती तोललेली असे. तेंच तत्त्व येथें लावावें. भार दोन किलोंच्या आंत असेल तर एका खांद्यावरून विरुद्ध कुशीवर तिरकी येणारी, रुंद पट्ट्याची आणि साखळीनें बंद होणारी पिशवी उत्तम. ती डोळ्यांसमोर राहते व हात मोकळे सुटतात. भार अधिक असेल तर दोन पट्ट्यांची पाठीवरची घ्यावी आणि गर्दींत ती पुढें छातीवर घ्यावी. आंतलें अस्तर फिकट रंगाचें असावें, म्हणजे काळोख्या कोपऱ्यांत गोळ्यांचें पाकीट शोधीत बसावें लागत नाहीं. पैसे मात्र पिशवींत नकोतच. पूर्वीचे लोक कमरेला कसा बांधीत. तशी चपटी पिशवी अंगावरच्या कपड्याआड असावी.

एवढें झाल्यावर मूळ प्रश्नाकडे येऊं: एक मोठी कीं अनेक लहान?

आमच्या परिचयाचें एक सुशिक्षित कुटुंब कांहीं वर्षांपूर्वीं याच समुद्रांत सफर करून आलें. माणसें अकरा, आणि किनाऱ्यावर न्यावयाची पिशवी एक. तीही चांगली पोतडीएवढी. सर्व वस्तू एके ठिकाणीं असल्या म्हणजे कांहीं हरवत नाहीं, असा घरांतील वडिलांचा सिद्धान्त. ती पोतडी थोरल्या सूनबाईंच्या खांद्यावर आली. ती त्यांना कोणीं दिली नाहीं, त्यांनीं ती मागितली नाहीं. घरांतलीं बरींच कामें जशीं येतात तशी ती आली. सांतोरिनीस होडींत चढतांना गर्दी झाली आणि मंडळी दोन होड्यांत विभागली. मामंजी पहिल्या होडींतून पुढें गेले. पोतडी दुसरींत राहिली. त्यांना मधुमेह. गोळी सकाळीं घेतलेली, आणि मधल्या वेळचा खाऊ पोतडींत. मधुमेहाच्या कांहीं गोळ्या अशा असतात कीं, त्या घेतल्यावर खाणें लांबलें तर रक्तांतील साखर एकदम उतरते. पाळण्याच्या रांगेंत त्यांना दरदरून घाम सुटला आणि हात कांपूं लागले. शेजारच्या एका अनोळखी बाईनें आपल्या पिशवींतून गोड गोळ्या काढून दिल्या, म्हणून प्रसंग निभावला. सूनबाई धांवतपळत येऊन पोंचल्या तेव्हां त्यांच्या कानीं पहिला प्रश्न पडला तो, "इतका वेळ कोठें होतीस?"

पुढें त्या सफरीचीं छायाचित्रें आम्हांस दाखविण्यांत आलीं. सूनबाई बहुतेक चित्रांत नाहींतच. ज्या दोनतीन चित्रांत आहेत त्यांत पट्टा खांद्यावर आणि दृष्टि पोतडीकडे. बाई स्वतः महाविद्यालयांत इतिहास शिकवितात. ग्रीसविषयीं त्या घरांत त्यांच्याइतकें कोणासच ठाऊक नाहीं; आणि ग्रीस पाहण्यास फुरसत मिळाली नाहीं ती मात्र त्यांनाच.

यावर कोणी म्हणेल, वडील माणसें विसराळू. त्यांच्या हातीं पिशव्या दिल्या तर चार ठिकाणीं चार पिशव्या राहतील. ही शंका अगदींच खोटी नाहीं. पण एक लहान पिशवी राहिली तर एका माणसाची एका दिवसाची गैरसोय होते. पोतडी राहिली तर अकरा जणांचीं औषधें, छत्र्या आणि कागदपत्रें एकदम जातात. शिवाय दुसऱ्याच्या खांद्यावर ओझें असतांना वस्तू कमी करण्याची बुद्धि कोणासच होत नाहीं. आपल्या खांद्यावर येतांच ती प्रत्येकास होते, हा मनुष्यस्वभाव आहे.

म्हणून आमचें मत असें कीं, ज्या वस्तूवांचून ज्याचा जीव अडतो ती वस्तु त्याच्याच जवळ असावी. प्रत्येक प्रौढ माणसानें स्वतःची लहान पिशवी घ्यावी. तींत त्या दिवसाचीं औषधें आणि शिवाय दोन दिवसांचीं जास्तीचीं, मूळच्या वेष्टनांत व वैद्याच्या चिठ्ठीच्या प्रतीसह, मूठभर सुका खाऊ, पाणी, टोपी, आणि एक पातळ उपरणें असावें. सेंट पीटरच्या देवालयांत खांदे व गुडघे झांकलेले असावे लागतात. आंखूड कपडे घालणाऱ्या तरुण मंडळींना तें उपरणेंच आंत नेतें. जहाजाचें ओळखकार्ड ज्याचें त्याच्या अंगावर असावें, कारण परत चढतांना तें दाखवावें लागतें. पारपत्र बरोबर न्यावें कीं खोलींतील तिजोरींत ठेवावें, हें त्या त्या बंदराप्रमाणें जहाजावर सांगतात, तसें वागावें. त्याची छायाप्रत मात्र प्रत्येकाजवळ हवी. कागद होडींतल्या तुषारांनीं भिजतात, म्हणून ते मेणकापडांत किंवा प्लॅस्टिकच्या पाकिटांत ठेवावे. लहान मुलांच्या पाठीवर त्यांची टोपी आणि पाणी एवढेंच द्यावें, पण द्यावें अवश्य. उरलें सामाईक सामान, म्हणजे छत्री, मलमपट्टी, फोनची जादा विद्युत्पेटी. तें एका पिशवींत घालावें, आणि ती पिशवी बंदरागणिक खांदा बदलीत जावी. पहिल्या बंदरीं थोरल्या चिरंजिवांनीं, दुसऱ्या बंदरीं धाकट्यांनीं, असा क्रम घरूनच लिहून न्यावा.

औषधें दोन दिवसांचीं जास्त कां, असें कोणी विचारील. कारण जहाज थांबत नाहीं. सुटण्यापूर्वीं अर्धा तास ते तासभर आधीं सर्वांनीं परत चढलें पाहिजे असा दंडक असतो. जहाजाकडूनच निघालेल्या सहलीस उशीर झाला तर जहाज बहुधा वाट पाहतें किंवा पुढची व्यवस्था करतें. आपल्या आपण हिंडणारांना ती सवलत नाहीं. त्यांनीं पुढचें बंदर स्वखर्चानें गांठावयाचें असतें, आणि तोंवर जवळ असतें तें केवळ पिशवींतलें. म्हणून जहाजाचें नांव, सुटण्याची वेळ आणि त्या बंदरांतील जहाजाच्या प्रतिनिधीचा दूरध्वनि एका चिठ्ठीवर लिहून प्रत्येकाच्या पिशवींत ठेवावा. ही माहिती जहाजावरील दैनिक पत्रकांत बहुधा दिलेली असते. जहाजाचें घड्याळ आणि गांवचें घड्याळ कधीं कधीं जुळत नाहीं, आणि फोन आपण होऊन गांवची वेळ दाखवूं लागतो. यासाठीं मनगटावरचें साधें घड्याळ जहाजाच्या वेळेस लावून ठेवावें.

भगिनींस शेवटची सूचना अशी. निघण्यापूर्वीं पंधरा दिवस एक रविवार काढून सर्वांनीं आपापल्या पिशव्या भराव्या, त्या तराजूंत तोलाव्या, आणि त्या घेऊन जवळच्या एखाद्या टेकडीवर तासभर चालून यावें. ज्याची पिशवी त्यास जड वाटेल त्यानें आपल्या हातानें तींतली एक वस्तु काढून घरीं ठेवावी. ती दुसऱ्याच्या पिशवींत घालूं नये.