क्रिप्टो फोनवर हलवणार असाल, तर आधी थांबा

एक्सचेंजच्या खात्यातली क्रिप्टो काढून स्वतःच्या मोबाइल वॉलेटमध्ये ठेवायचं ज्यांनी ठरवलं आहे, त्या प्रत्येकाला कळकळीची विनंती आहे: आज रात्री ते करू नका. हे आवाहन शेवटपर्यंत वाचा, घरातल्या आणखी एका माणसाला वाचायला द्या, आणि मग एखाद्या निवांत दिवशी कागद-पेन घेऊन बसा.

घाई का झाली, हे कळतं. मुंबईत सुरू झालेल्या वझीरएक्स या एक्सचेंजच्या वॉलेटमधून १८ जुलै २०२४ रोजी २३ कोटी डॉलरहून अधिक, म्हणजे जवळपास दोन हजार कोटी रुपयांची क्रिप्टो चोरीला गेली. ग्राहकांची नाणी अडकून पडली. सिंगापूरच्या न्यायालयात ग्राहकांना परतफेड करण्याची योजना मंजूर होऊन व्यवहार पुन्हा सुरू व्हायला ऑक्टोबर २०२५ उजाडला. दरम्यान, त्या चोरीला वर्ष होतं न होतं तोच, १९ जुलै २०२५ रोजी कॉइनडीसीएक्स या दुसऱ्या एक्सचेंजच्या एका अंतर्गत खात्यातून सुमारे ४.४ कोटी डॉलर गेले. ग्राहकांच्या नाण्यांना धक्का नाही, तोटा आम्ही सोसू, असं त्या कंपनीने जाहीर केलं. पण धसका बसायचा तो बसलाच. तेव्हापासून जो तो एकच सल्ला देतो आहे: किल्ली आपल्या हातात ठेवा, एक्सचेंजवर विसंबू नका.

सल्ला खरा आहे, पण अर्धा आहे. एक्सचेंजमध्ये घोटाळा झाला तर जाब विचारायला निदान एक कंपनी असते. मार्च २०२३ पासून अशा कंपन्या मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायद्याखाली आल्या आहेत, त्यांना सरकारच्या एफआययूकडे, म्हणजे वित्तीय गुप्तवार्ता विभागाकडे, नोंदणी करावी लागते. तुमच्या स्वतःच्या वॉलेटमधून नाणी गेली तर समोर कुणीच नसतं. व्यवहार उलटवता येत नाही. तक्रार न्यायला शाखा नाही, लोकपाल नाही. आणि चोरांना हे पक्कं माहीत आहे. एक्सचेंजमधून बाहेर पडलेला, घाबरलेला, पहिल्यांदाच वॉलेट बसवणारा माणूस कुठल्या वळणावर सापडेल, हे हेरूनच ते बसलेले असतात. क्रिप्टो घ्यावी की नाही, या वादात मला इथे शिरायचं नाही. ज्यांनी घेतली आहे त्यांची ती कष्टाची कमाई आहे, आणि ती वाचली पाहिजे, एवढ्यासाठीच हे लिहितो आहे.

पहिलं वळण म्हणजे ॲप कुठून घेता ते. व्हॉट्सॲपवर किंवा टेलिग्रामवर आलेली एपीके फाइल, म्हणजे स्टोअरबाहेरून ॲप बसवणारी फाइल, उघडू नका. ती कुणीही पाठवलेली असो, भावाने पाठवलेली असली तरी. लग्नाची पत्रिका, वाहतुकीचं चलन, सरकारी योजनेची यादी अशा नावांनी आलेल्या एपीके फाइलींनी किती जणांची बँक खाती रिकामी केली, हे आपण वर्तमानपत्रांत वाचतो आहोत. वॉलेटच्या नावाने आलेली फाइल त्याच जातीची असते. गुगलवर नाव शोधून पहिल्या दुव्यावर बोट ठेवू नका. वर दिसणारा दुवा पुष्कळदा पैसे भरून लावलेली जाहिरात असते.

अधिकृत दुकानातून घेतलं म्हणजे निर्धास्त झालो, असंही समजू नका. ट्रेझर ही हार्डवेअर वॉलेट, म्हणजे किल्ली सांभाळणारं वेगळं छोटं उपकरण, बनवणारी नामांकित कंपनी. २०२१ मध्ये तिच्या नावाचं एक बनावट ॲप खुद्द ॲपलच्या ॲप स्टोअरवर होतं, रेटिंग जवळपास पाच तारे. त्यात वॉलेट उघडणारे आपले गुप्त शब्द टाइप करणाऱ्या एका माणसाचे १७.१ बिटकॉइन गेले. मूळ कंपनीचं आयफोनसाठी तेव्हा ॲपच नव्हतं! २०२४ मध्ये वॉलेट इतर सेवांशी जोडणाऱ्या वॉलेटकनेक्टच्या नावाचं बनावट ॲप गुगल प्लेवर कित्येक महिने राहिलं, दहा हजारांवर लोकांनी ते उतरवून घेतलं, आणि खोट्या परीक्षणांच्या जोरावर ते शोधयादीत वर दिसत होतं. म्हणून क्रम उलटा ठेवा. आधी कंपनीच्या संकेतस्थळाचा पत्ता दोन-तीन वेगळ्या ठिकाणांहून पडताळून घ्या, त्या संकेतस्थळावरून ॲप स्टोअरच्या पानावर जा, आणि तिथे ॲप बनवणाऱ्याचं नाव अक्षर न् अक्षर जुळतं का ते बघा. तारे आणि स्तुतीची वाक्यं मोजू नका.

आता निवड. आपण स्वतःची किल्ली ठेवायला निघालो आहोत की पुन्हा कुणाच्या तरी खात्यातच पैसे ठेवतो आहोत, हे एका खुणेवरून कळतं. खरं स्वतःचं वॉलेट सुरू करताना तुम्हाला सहसा १२ किंवा २४ इंग्रजी शब्द देतं आणि ते लिहून ठेवायला सांगतं. त्याला तुमचं आधार कार्ड नको असतं, पॅन नको असतं, सेल्फी नको असतो. ॲप आधारचा फोटो मागत असेल तर ते एकतर एक्सचेंजचं खातं आहे, नाहीतर सरळ फसवणूक आहे. दोन्हीपैकी काय ते कळेपर्यंत पुढे जाऊ नका.

ज्याचा कोड जाहीर आहे असं वॉलेट घ्या. बिटकॉइनसाठी ब्ल्यूवॉलेट किंवा इलेक्ट्रमचं अँड्रॉइड ॲप ही त्यातली ओळखीची नावं. कोड तुम्हाला-मला वाचता येणार नाही, पण जगभरचे जाणकार तो वाचतात आणि चुका चव्हाट्यावर आणतात. हे किती महत्त्वाचं आहे ते ऑगस्ट २०२२ मध्ये दिसलं. सोलाना या ब्लॉकचेन साखळीवरची नऊ हजारांच्या आसपास वॉलेट काही तासांत रिकामी झाली. शोध घेतला तेव्हा धागा स्लोप नावाच्या मोबाइल वॉलेटपर्यंत पोहोचला. ते ॲप वापरणाऱ्यांचे गुप्त शब्द, बिघाडांची नोंद ठेवणाऱ्या एका सर्व्हरकडे उघड्या स्वरूपात जात होते. वापरणाऱ्यांनी काहीही चुकीचं केलेलं नव्हतं. चूक ॲप बनवणाऱ्यांची होती आणि किंमत लोकांनी मोजली.

फोनही तितकाच पारखावा लागतो. २०१३ च्या ऑगस्टमध्ये अँड्रॉइडच्या यादृच्छिक आकडे तयार करण्याच्या यंत्रणेतच खोट सापडली, आणि त्यामुळे त्या फोनांवर तयार झालेली बिटकॉइन वॉलेट कमकुवत ठरली. आज ती खोट नाही, पण ज्या फोनला कंपनीचे सुरक्षा अपडेट येणं थांबलं आहे, त्यात नव्याने सापडणारी प्रत्येक खोट तशीच उघडी राहते. असा जुना फोन, रूट केलेला फोन, किंवा कुणाचा तरी वापरलेला सेकंडहँड फोन वॉलेटसाठी घेऊ नका. स्क्रीन दुरुस्तीला फोन टाकताना दुकानदार पॅटर्न लॉक विचारतो आणि आपण सहज सांगून टाकतो. वॉलेट असलेल्या फोनच्या बाबतीत ते करायचं नाही. आणि दूरवरून स्क्रीन दाखवणारं एनीडेस्कसारखं ॲप ज्या फोनमध्ये आहे, त्या फोनमध्ये वॉलेट नको.

आता त्या बारा शब्दांबद्दल, कारण सगळं तिथे येऊन ठरतं. २,०४८ इंग्रजी शब्दांची एक यादी आहे, ती जगजाहीर आहे. त्यातले कुठले बारा आणि कुठल्या क्रमाने, एवढंच गुपित. ते ज्याला कळलं त्याला तुमचा फोन नको, सिम नको, बोटाचा ठसा नको, पासवर्ड नको. तो जगात कुठेही बसून तुमचं वॉलेट स्वतःच्या फोनवर उघडतो. ओटीपी कुणाला सांगू नये, हे आता महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यातल्या आजीलाही ठाऊक आहे. ओटीपी काही मिनिटांत निकामी होतो. हे शब्द कधीच निकामी होत नाहीत. आज फुटले आणि वॉलेटमध्ये पाचशे रुपये असले, तर चोर थांबेल. तुम्ही पाच लाख टाकाल त्या रात्री येईल.

त्यांचा स्क्रीनशॉट काढू नका. फेब्रुवारी २०२५ मध्ये कॅस्परस्की या सुरक्षा कंपनीने स्पार्ककॅट नावाचा घातक कोड उघडकीला आणला. फोनमधल्या फोटोंमधली अक्षरं वाचून तो वॉलेटचे शब्द शोधायचा आणि चोरांकडे पाठवायचा. असा कोड असलेली ॲप गुगल प्ले आणि ॲपल या दोन्ही ठिकाणी सापडली. एकट्या गुगल प्लेवरून ती २,४२,००० हून अधिक वेळा उतरवली गेली होती. म्हणजे गॅलरीत ठेवलेला फोटो हा चोराच्या हातात ठेवलेला कागद आहे. स्वतःलाच व्हॉट्सॲप करून ठेवू नका, नोट्समध्ये टाइप करू नका, मेलच्या ड्राफ्टमध्ये, गुगल ड्राइव्हवर, आयक्लाउडवर नको. ज्यांचा स्क्रीनशॉट आधीच गॅलरीत आहे, त्यांचं तो नुसता पुसून भागणार नाही. ते वॉलेट फुटलं असंच धरा, नवं तयार करा, नाणी त्यात हलवा.

कागदावर लिहा, स्वतःच्या हाताने, क्रमांक घालून, दोन प्रती. त्या झेरॉक्सच्या दुकानात नेऊ नका, लॅमिनेशनला देऊ नका. कोकणात, गोव्यात पावसाळ्यात कागदाला बुरशी धरते, शाई पसरते. तिथल्यांनी स्टीलच्या पट्टीवर शब्द ठोकून ठेवणं चांगलं, पण ते घरीच करा. भांड्यांवर नावं कोरून देणाऱ्याकडे ती पट्टी गेली, तर गुपित संपलं. एक प्रत घरात, दुसरी वेगळ्या ठिकाणी, शक्य असेल तर बँकेच्या लॉकरमध्ये.

आणि घरात एका माणसाला सांगा. शब्द सांगू नका; असा कागद आहे, तो कुठे आहे, तो कशाचा आहे आणि आपल्यामागे कुणाच्या मदतीने उघडायचा, एवढं सांगा. बँकेच्या खात्याला नॉमिनी असतो, या वॉलेटला नाही. कर्ता माणूस अचानक गेला आणि कागदाचा पत्ता कुणालाच नसला, तर ती रक्कम साखळीवर सगळ्यांना दिसत राहते आणि घरच्यांच्या कधीच हाती लागत नाही. हे टाळता येण्यासारखं आहे, म्हणून मला त्याचं जास्त वाईट वाटतं.

सगळी नाणी हलवण्याआधी हे जरूर करा. आधी अगदी थोडी रक्कम पाठवा. ती आली की ॲप फोनमधून काढून टाका, पुन्हा बसवा, आणि कागदावरच्या शब्दांनी वॉलेट परत उघडतं का ते बघा. उघडलं तरच पुढे जा. पत्ता तपासताना पहिली चार आणि शेवटची चार अक्षरं बघून समाधान मानू नका. नेमकी तेवढीच जुळणारे बनावट पत्ते तयार करून ते तुमच्या व्यवहारांच्या यादीत घुसवले जातात. मे २०२४ मध्ये एकाने या सापळ्यात ६.८ कोटी डॉलर दुसऱ्याच पत्त्यावर पाठवले. त्याला पुढे ते परत मिळाले, तो अपवाद समजा. यूएसडीटी हे नाणं अनेक नेटवर्कवर चालतं; ते पाठवत असाल तर दोन्हीकडचं नेटवर्क एकच आहे याची खात्री करा.

फोनवर किती ठेवायचं? खिशात घेऊन बाजारात जाताना भीती वाटणार नाही इतकंच. त्याहून मोठी रक्कम हार्डवेअर वॉलेटमध्ये ठेवा, आणि ते थेट बनवणाऱ्या कंपनीकडूनच मागवा. डब्यात शब्द आधीच छापून आले असतील तर ते वॉलेट चोराचं आहे.

ज्यांचे शब्द कुणाला सांगून झाले आहेत, एखाद्या संकेतस्थळावर टाइप झाले आहेत, त्यांनी हे वाचणं इथेच थांबवावं आणि सुरक्षित फोनवर नवं वॉलेट तयार करून उरलेली नाणी आत्ता हलवावीत. पासवर्ड बदलून उपयोग नाही. चोरी झाली असेल तर लगेच १९३० वर फोन करा, राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा, व्यवहाराचा क्रमांक आणि चोराचा पत्ता जपून ठेवा. त्यानंतर 'आम्ही पैसे परत मिळवून देतो' म्हणणारे फोन येतील. ते दुसऱ्यांदा लुटायला आलेले असतात. तसंच, तीस टक्के कर आधी आमच्याकडे भरा, मग वॉलेट उघडेल, असं कुणी म्हणालं तर एक पैसाही देऊ नका. क्रिप्टोच्या नफ्यावर ३० टक्के कर आहे हे खरं, पण तो सरकारकडे जमा होतो, कुठल्या ॲपच्या खात्यात नाही.

ज्या तरुण मुलामुलींना हे सगळं येतं, त्यांनी आईवडिलांच्या, शेजाऱ्यांच्या फोनमध्ये वॉलेट बसवून द्यावं. मात्र शब्द पडद्यावर येतील तेव्हा फोन ज्याचा त्याच्या हातात द्यावा आणि खोलीबाहेर जावं. व्हॉट्सॲप-टेलिग्राम गटांचे ॲडमिन असणाऱ्यांनी 'वॉलेट व्हेरिफाय करा' असा निरोप दिसताच तो काढून टाकावा, पाठवणाऱ्यालाही काढावं. खरं वॉलेट असं काही कधीच मागत नाही.

हे आवाहन जरूर पुढे पाठवा. यात एकही लिंक दिलेली नाही, एकही मदत क्रमांक माझा नाही. याच मजकुराला कुणी लिंक किंवा फाइल जोडून तुम्हाला पाठवली, तर ती उघडू नका आणि पाठवणाऱ्यालाही तसं कळवा.