बाळ रात्री जागतं म्हणजे त्याचं काही बिघडलेलं नसतं

मंडळी, नामपल्लीच्या आठवणी इथं बरेच जण लिहितात. स्टेशन, पब्लिक गार्डन, नुमाइश, सगळं वाचते मी आवडीनं. पण बाळंतिणीच्या खोलीबद्दल कुणी लिहीत नाही. आज मी लिहिते, आणि थोडं भांडायच्या तयारीनंच लिहिते.

कारण असं की मागच्या वर्षी लेक बाळंतपणाला माझ्याकडे आली होती. नात झाली. घरी आणल्याच्या तिसऱ्या दिवसापासून येणारा प्रत्येक माणूस एकच विचारायचा, "रात्री झोपू देते का?" नाही म्हटलं की लगेच उपाय. एकीनं सांगितलं, जायफळाचे दोन वळसे जास्त दे. दुसरी म्हणाली, ग्राइप वॉटर पाज. तिसरीनं फोनवरून निकाल दिला, "तिचं दूध पुरत नसेल, डब्याचं सुरू कर." दहा दिवसांचं लेकरू, आणि सगळे त्याच्यावर खटला चालवल्यासारखे!

माझं म्हणणं सरळ आहे. पहिल्या पाच-सहा आठवड्यांत बाळ रात्री जागतं हा आजार नाही, खोड तर नाहीच. त्याला दिवस-रात्र ठाऊकच नसते. पोटात असताना अंधार-उजेडाची खबर त्याला आईच्या शरीराकडूनच मिळायची. बाहेर आल्यावर ती मिळणं बंद होतं आणि स्वतःचं घड्याळ चालू व्हायला वेळ लागतो. दिवसभरात मिळून ते चौदा ते सतरा तास झोपतं, म्हणजे झोप कमी नसते. पण ती तुकड्या-तुकड्यांची असते, कारण पोट एवढंसं, आणि अंगावरचं दूध लवकर पचतं. चोवीस तासांत आठ ते बारा वेळा पाजायचं म्हटल्यावर रात्रीच्या वाट्याला तीन-चार वेळा येणारच. हिशेब करून बघा.

माझी पहिली लेक 1980च्या डिसेंबर अखेरीस झाली. माहेर नामपल्लीत, एक्झिबिशन ग्राउंडच्या अंगाला. बारा दिवसांची झाली तेव्हा नुमाइश ऐन रंगात. भोंगे, पाळण्यांचे आवाज, हरवलेल्या पोरांची नावं पुकारणं. त्या सगळ्या गोंगाटात ही गाढ झोपायची. आणि रात्री सामसूम झाली, की एकच्या सुमाराला टक्क डोळे उघडून छताकडे बघत बसायची. आई वैतागायची. आजी मात्र नांदेडकडची, आठ बाळंतपणं केलेली. ती म्हणायची, "नक्को गडबड करू, तिला कुठं घड्याळ आहे." नुमाइश 1 जानेवारीला लागते आणि 15 फेब्रुवारीला उठते, म्हणजे आपल्या सव्वा महिन्याहून थोडीच जास्त. त्या वर्षी नुमाइश उठायच्या सुमाराला लेक रात्री सलग तीन-साडेतीन तास झोपायला लागली. कुणी काही पाजलं नव्हतं. बहुतेक बाळांचं दीड-दोन महिन्यांनी असंच होतं, आणि नीट घडी बसायला तीन महिने लागतात. कुणाचं थोडं मागंपुढं. मात्र संध्याकाळचं रडणं सहाव्या आठवड्याच्या आसपास उलट वाढतं आणि मग उतरतं. तेव्हा घाबरू नका.

आजी आणखी एक करायची. बाळ झोपेत कण्हलं, हातपाय झाडले, ओठ मुडपले, हसलं की आई धावत उचलायला जायची. आजी हात धरायची, "सटवाई हसवते, बसू दे." आता सटवाईचं कुणी माना न माना, निरीक्षण पक्कं होतं. बाळाची निम्मी झोप अशीच हलती असते. पापण्यांखाली डोळे फिरतात, श्वास कधी भरभर, कधी थांबल्यासारखा. शिकागोच्या विद्यापीठात अ‍ॅसेरिन्स्की नावाच्या माणसानं झोपलेल्या बाळांचे डोळे निरखत बसून आपलं काम सुरू केलं आणि 1953 साली क्लाइटमन यांच्यासोबत मोठ्या माणसांच्या स्वप्नांच्या झोपेवर तो गाजलेला निबंध छापला. आपल्या बायका पाळण्याशी बसून तेच बघत होत्या, फक्त लिहून ठेवलं नाही. सांगायचं म्हणजे बाळ कण्हलं की लगेच उचलू नका. मिनिटभर थांबा. निम्म्या वेळा ते जागं झालेलंच नसतं, आपणच उठवतो.

आता गुटीबद्दल. चिडा माझ्यावर, पण लिहिणारच. हळकुंड, हरडा, वेखंड, जायफळ सहाणेवर उगाळून चाटवायचं, आणि वळसे मोजणार प्रत्येक घरची आजी वेगळी. एकीचा हात हलका, दुसरीचा जड. जायफळ जास्त झालं की गुंगी येते, हे आपल्याला माहीत आहे म्हणून तर देतो ना? सहा महिने अंगावरच्या दुधाशिवाय काही नको, पाणीसुद्धा नको, असं डॉक्टर सांगतात ते उगाच नाही. मुंबईच्या गिरण्यांतल्या बाया शंभर वर्षांपूर्वी बाळाला अफूची 'बाळागोळी' देऊन कामावर जायच्या, 1920च्या सुमाराच्या पाहण्यांत ते नोंदलेलं आहे. त्यांचा नाइलाज होता. बाळाला सांभाळायला घरात कुणी नव्हतं, पाळी चुकली तर मजुरी बुडायची. आपल्या घरात चार-चार माणसं असताना लेकराला गुंगी कशाला?

खरं भ्यायचं ते उलट्या गोष्टीला. पहिल्या आठवड्यात बाळ उठतच नाही, पाच-पाच तास दूध मागत नाही, आणि घरचे खूश की "किती शहाणं आहे!" असं बाळ कावीळ वाढल्यानं किंवा दूध कमी पडल्यानंही सुस्त असू शकतं. जन्माचं वजन भरून येईपर्यंत, म्हणजे साधारण दोन आठवडे, दर दोन-तीन तासांनी उठवून पाजायचं. तळपाय चोळा, दुपटं काढा. तरी नीट ओढत नसेल, डोळे-अंग पिवळं दिसत असेल, अंग गरम किंवा गार लागत असेल तर रात्र आहे म्हणून सकाळची वाट बघायची नाही. आपल्या इथून निलोफर जवळ आहे. बाळंतपणात गेलेल्या दासीच्या दुःखातून राजकन्या निलोफरनं तो दवाखाना उभा करवला, 1953 सालीच. आणि हो, बाळाला नेहमी पाठीवर झोपवायचं, मऊ उशा-रजयांच्या गराड्यात नाही.

राहिली बाळंतीण. सव्वा महिना तिनं खोलीत राहायचं ते शेक-शेगडीसाठी, असं आपण समजतो. मला वाटतं त्यातली खरी दौलत दुपारची झोप होती, आणि तीच आपण लुटतो. दुपारी चारला आठ जण डिंकाचे लाडू घेऊन येतात, बाळाला उचलतात, दिवे लावून फोटो काढतात. रात्री तिनं जागायचं आणि दिवसा पाहुण्यांशी हसायचं. आमच्या माहेरी रात्री पाजून झालं की ढेकर काढायला बाळ बाबांकडे जायचं, पहाटे चारला काकांकडे. ऐंशी साली, सोवळ्यातल्या घरात! आज जावई घरात असून उशी घेऊन हॉलमध्ये झोपायला जातो, "ऑफिस आहे ना त्याचं." हौ, आणि तिचं काय आहे मग? पाजणं तिचं एकटीचं, मान्य. पण लंगोट, ढेकर, मांडीवर धरून बसणं, हे कुणालाही जमतं.

नातीचं बारसं बाराव्या दिवशी घरातच केलं, पंधरा माणसांत, तासाभरात. मोठं जेवण तीन महिने झाल्यावर ठेवलं. दोन-तीन घरं अजून रुसलेली आहेत, ती हे वाचतीलच. या, चाय प्यायला या. फक्त दुपारी दोन ते पाच सोडून.