मंगळावरील एकादशी

परदेशीं राहणारीं मुलें हल्लीं दूरध्वनीवरून वडिलांच्या श्राद्धाची तिथि विचारून घेतात. उद्यां त्यांतील एखाद्याचें बिऱ्हाड मंगळावर गेलें तर त्यानें काय करावें? प्रश्न थट्टेचा वाटेल. पण पंचांग ही काय वस्तु आहे हें समजण्यास याहून सुगम वाट आम्हांस दिसत नाहीं.

मंगळाचा दिवस २४ तास ३९ मिनिटें ३५ सेकंदांचा. असे सुमारें ६६८.६ दिवस झाले कीं त्याची सूर्यप्रदक्षिणा पुरी होते. सारा घोटाळा त्या उरल्या अपूर्णांकाचा. आपला अपूर्णांक पाव दिवसाच्या जवळचा, म्हणून चार वर्षांनीं एक दिवस वाढविला कीं बहुतेक भागतें. मंगळावर दहा वर्षांत सहा दिवस सांचतात! म्हणजे तेथें अधिक दिवसाचें वर्ष हाच नियम व साधें वर्ष हा अपवाद. टॉमस गँगेल यांनीं १९८५ सालीं योजिलेल्या कालगणनेंत विषम अंकाचीं आणि दहानें भाग जाणारीं वर्षें ६६९ दिवसांचीं, बाकीचीं ६६८ दिवसांचीं. शतकांची बारीक दुरुस्ती निराळी. महिने चोवीस, आणि त्यांचीं नांवें राशींचीं, एक लॅटिन तर एक संस्कृत. मकर, कुंभ, मीन हे तेथवर पोंचलेले पाहून आमच्यासारख्या संस्कृताच्या मास्तरास बरें वाटलें.

परंतु या महिन्यांचा चंद्राशीं कांहीं संबंध नाहीं, आणि आपली तिथि तर सूर्यचंद्रांतील बारा बारा अंशांच्या अंतरानें ठरते. मंगळास दोन चंद्र आहेत. पैकीं फोबोस ७ तास ३९ मिनिटांत फेरा पुरा करितो. त्याच्यावरून मास धरिल्यास तिथि पाव तासाची होईल व एका दिवसांत सहा एकादश्या येतील! पारण्याचें पान मांडेपर्यंत द्वादशी संपावयाची. दुसरा डीमॉस, त्याचा फेरा सुमारें तीस तासांचा, म्हणजे तिथि एका तासाची. तीहि निरुपयोगीच.

मंगळाच्या सौरवर्षानें श्राद्ध करावें, तर दोन श्राद्धांमध्यें आपले साडेबावीस महिने जातील. शेतीस व शाळेस तें वर्ष ठीक. वडिलांस इतका वेळ तिष्ठत ठेवणें आम्हांस मान्य नाहीं. त्यांची तिथि पृथ्वीच्या चंद्राचीच असावी, ती घरच्या पंचांगांतून कळवावी, आणि अपराह्णकाळ मात्र मंगळावरील सूर्याचा धरावा. काकबलीची सोय तेवढी आम्हांस अद्याप सुचलेली नाहीं.