विश्लेषण : कोयता नंदुरबारचा, ‘सीएसआर’ कुणाचा?

दिवाळीच्या आसपास नंदुरबारच्या पाड्यांवरून आदिवासी कुटुंबे ऊसतोडणीसाठी दक्षिण गुजरातकडे निघतात. मुकादमाची उचल फेडायला नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. मुले सोबत जातात, शाळा सुटते ती थेट उन्हाळ्यापर्यंत. पुढे साखर बिस्किटे, शीतपेये, औषधी सिरप बनवणाऱ्या कंपन्यांकडे जाते. यातल्या अनेक बहुराष्ट्रीय आहेत.

कायदा काय सांगतो?

निव्वळ संपत्ती 500 कोटी, उलाढाल 1000 कोटी किंवा नफा 5 कोटी रुपये, यांपैकी एकही निकष पूर्ण करणाऱ्या कंपनीला मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या 2 टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्चावी लागते. ही कलम 135 ची तरतूद 2014 पासून लागू आहे. प्राधान्य कंपनीच्या कामकाजाच्या परिसराला द्यायचे. पण ती सक्ती नाही, असा केंद्राचाच खुलासा आहे. तरी कंपन्या ‘परिसर’ म्हणजे स्वतःच्या कारखान्याची भिंत एवढाच अर्थ घेतात.

नंदुरबार कुठे निसटते?

दक्षिण गुजरातचे बहुतेक साखर कारखाने सहकारी आहेत आणि कलम 135 फक्त कंपन्यांना लागू होते. महाराष्ट्राने ऊसतोड कामगार महामंडळासाठी टनामागे 10 रुपये कारखान्यांकडून घेण्याचे ठरवले. पण बारडोलीत तुटलेल्या उसावर ते मिळणार कसे? 2024 मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने महाराष्ट्रातील तोडणी कामगारांचे हाल शीतपेय कंपन्यांच्या साखरेशी जोडून दाखवले. चर्चा झाली ती मुख्यतः बीडची.

मग पैसा कुणी, कुठे लावावा?

साखर विकत घेणाऱ्या कंपन्यांनी. तोडणी कामगार त्यांच्या हजेरीपटावर नसतो, त्यामुळे ‘स्वतःच्याच कर्मचाऱ्यांवर खर्च’ हा आक्षेपही येत नाही. पैसा दोन्ही टोकांना हवा : गावात शाळकरी मुलांसाठी हंगामी वसतिगृह, पडावावर पाणी, शौचालय आणि तान्ह्या बाळांसाठी पाळणाघर. एकच टोक धरले तर उपयोग अर्धाच, कारण अंगावर पिणारे मूल वसतिगृहात ठेवता येत नाही. सध्याचे आवडते काम म्हणजे दप्तरवाटप. ते होते जूनमध्ये. मुले ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये निघून जातात.

तोडणीचा दर कमी असण्यावर मात्र हा निधी उतारा नाही. टनामागे मजुरी किती आणि उचलीवर व्याज किती, हे साखर खरेदीच्या करारातच विचारावे लागेल. कंपनीत तो करार खरेदी विभाग करतो, ‘सीएसआर’ विभाग नव्हे.